तुरुंगातले दात: शिबिराच्या आधी आणि नंतर

इंदूरमधल्या एखाद्या मंडळाने किंवा दंतवैद्यांच्या गटाने जेलमध्ये काही करायचं ठरवलं, की पहिला विषय निघतो शिबिराचा. रविवार ठरतो, सामान येतं, साठ-सत्तर दाढा निघतात, फोटो होतात आणि मंडळी पोहे-जिलेबी खाऊन घरी जातात. सहा महिन्यांनी पुन्हा जावं तर माणसं तीच, किडलेली दाढ फक्त शेजारची. दाढ काढल्याने दुखणं जातं, पण कीड जिच्यामुळे लागली ती रात्र तशीच राहते: न घासलेले दात, फ्लोराइड नाही, गोड चहा, तंबाखू. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी बराक, मग खुर्ची.

परवानगीचं पत्र जेल अधीक्षकांना लिहायचं. तुरुंग हा राज्याचा विषय असल्यामुळे काही बाबतींत भोपाळची मंजुरीही लागते, तेव्हा महिनाभर हाताशी ठेवा. पत्रात नेल्सन मंडेला नियमांचा उल्लेख जरूर करा. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या या नियमांपैकी १८ वा स्वच्छतेसाठी पाणी आणि साहित्य देण्याबद्दल आहे. २४ वा सांगतो की बाहेरच्या समाजाला मिळतो त्याच दर्जाचा औषधोपचार कैद्याला मोफत मिळावा, आणि २५ वा प्रत्येक कैद्याला पात्र दंतवैद्याची सेवा उपलब्ध असावी असं स्पष्ट म्हणतो. आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र, वार आणि वेळ, प्रत्येक हत्याराची नगावार यादी ही पत्राला जोडायची. 'दंत उपकरणे एक पेटी' एवढंच लिहिलं की पेटी दारात अडकते.

तारीख निवडताना शहराचं पंचांग बघा. मराठी मंडळांना असं काम गणेशोत्सवात सुचतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पोलीस झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) आणि अनंत चतुर्दशीच्या बंदोबस्तात असतात. रंगपंचमीच्या गेरचंही, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचंही, तसंच. त्या आठवड्यात कुणाला बाहेरच्या दवाखान्यात पाठवायची वेळ आली तर पहारा मिळणं कठीण.

आधी नुसतं बघून या

पहिल्या भेटीत हत्यारं नेऊ नका, वही न्या. बराक संध्याकाळी किती वाजता बंद होते आणि जेवण त्याआधी किती वेळ मिळतं? बंद झाल्यावर आत नळ आहे की बादली? थुंकायला जागा कुठे? रात्री दिवा असतो का? कॅन्टीनमध्ये कोणती पेस्ट, कोणतं मंजन, कोणती बिस्किटं मिळतात? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण दातांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा ब्रश झोपण्यापूर्वीचा असतो. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातावर राहिलेलं अन्न आणि त्यातून होणारं आम्ल रात्रभर काम करत राहतं. आणि जेलमध्ये हा ब्रश नेहमी कुलूप लागल्यानंतरच होणार. म्हणजे पाणी आणि थुंकायची सोय बराकीच्या आतच हवी, नाहीतर 'रात्री घासा' हा उपदेश भिंतीवरच्या सुविचारासारखा राहतो.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. फ्लोराइडच्या पेस्टने घासल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. तोंडात उरलेला पातळ थर रात्रभर दातावर काम करतो. म्हणजे रात्रीच्या ब्रशला पाणी लागतं ते ब्रश ओला करायला आणि नंतर धुवायला, एक पेलाभर. चाळीस माणसांच्या बराकीला एक भरलेली बादली, एक डोया आणि थुंकायला झाकणाचं भांडं एवढ्यावर भागतं. अधीक्षकांना हा हिशेब करूनच दाखवा.

पेस्ट आणि ब्रश: हिशेब आणि भानगडी

मोठ्या माणसाला एका वेळी हरभऱ्याएवढी, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम पेस्ट पुरते. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम, महिन्याला तीस. शंभर जणांना महिन्याला तीन किलो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या तीस ट्यूब. जाहिरातीत ब्रशभर लाट काढून दाखवतात, तशी वापरली तर हाच साठा दोन आठवड्यांत संपतो. वाटप शक्यतो लहान ट्यूबमध्ये आणि दर महिन्याला करा. तीन महिन्यांची मोठी ट्यूब एकदम दिली की ती चलन होते आणि बिडीच्या बदल्यात हात बदलते. महिन्याच्या ट्यूबला तेवढा भाव नसतो. जुनी रिकामी ट्यूब परत घेऊन नवीन द्यायची पद्धत लावली तर खरोखर वापरली का तेही कळतं.

खरेदी करताना डब्यावर फ्लोराइड किती ते वाचा. १००० पीपीएमच्या (दहा लाखांत हजार भाग) आसपास हवं. वनौषधींच्या अनेक पेस्टमध्ये आणि लाल मंजनात फ्लोराइड नसतंच. दाणेदार मंजनाने तर दात झिजतात. बोटाने जोरात घासणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत खाच पडलेली दिसते, आणि तिथे गार पाणी लागलं की कळ येते. मशेरी, गुल, गुडाखू हे तर तंबाखूच. तंबाखूयुक्त दंतमंजन आणि पेस्ट यांवर भारतात १९९२ पासून बंदी आहे, पण सवय बंदीने जात नाही. देणगी म्हणून आलेला मंजनाचा खोका न वाटता परत केला तरी चालेल.

दातणावर मात्र उगाच रागावू नका. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावून कुंचला करून घासणाऱ्याचे पुढचे दात चांगले स्वच्छ असतात. अडचण दाढांच्या मागच्या बाजूची आणि फ्लोराइडची आहे. सकाळी दातण, रात्री ब्रश आणि पेस्ट ही तडजोड खेड्यातून आलेल्या माणसाला पटते. 'दातण सोड' म्हटलं की तो दोन्ही सोडतो.

ब्रश मऊ, लहान डोक्याचा, आखूड दांडीचा. लांब कडक दांडीला सुरक्षेच्या कारणावरून हरकत घेतली जाते आणि ती रास्त आहे, वाद घालू नये. जुना जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, मोजणी प्रहरीसमोर, म्हणजे जेलच्या पहारेकऱ्यासमोर. वर्षाला माणशी चार, वर दहा-पंधरा टक्के जास्त धरा, कारण बदली होऊन येणारे असतातच. केस बाहेर फाकले की तीन महिन्यांची वाट न बघता बदला.

सगळ्यात मोठी चूक होते ठेवण्यात. एकाच मगात आठ ब्रश उभे असतात, कुणाचा कोणता ते अंधारात कळत नाही, आणि हिरडीतून रक्त येणाऱ्या माणसाचा ब्रश दुसऱ्याच्या तोंडात जातो. कावीळ बी आणि सी यांचा प्रश्न जेलमध्ये बाहेरपेक्षा मोठा आहे, त्यामुळे ही बाब हसण्यावारी न्यायची नाही. मार्करने लिहिलेला नंबर पंधरा दिवसांत पुसला जातो. दांडीच्या टोकाला भोक असतं, त्यात वेगवेगळ्या रंगांचा दोरा गाठ मारून बांधला तर वर्षभर टिकतो. ब्रश उभा, उघडा आणि शेजारच्याला न लागता वाळला पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाशी ठेवलेला ओला राहतो.

घासायचं कसं हे शिकवताना भाषेकडे लक्ष द्या. 'चूळ', 'हिरडी' हे आपले शब्द बराकीत कळत नाहीत, तिथे 'कुल्ला' आणि 'मसूड़े' म्हणावं लागतं. निमाडकडून, झाबुआकडून आलेल्यांना तेही पुरत नाहीत, प्रत्यक्ष करून दाखवावं. केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवायचे, जागच्या जागी लहान हालचाल, मग पुढे. तोंडाचे चार भाग, प्रत्येक भागाला तीसपर्यंत मोजायचं, दोन मिनिटं होतात. घड्याळ लागत नाही. पहिल्याच आठवड्यात तक्रार येते, 'खून आता है, बंद कर दिया.' आधीच सांगून ठेवा: रक्त येतं तिथेच हळू पण रोज घासायचं. बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत कमी होतं. नाही झालं तर खाली दगडासारखा टार्टर साचलाय, तो ब्रशने निघणार नाही, त्याचं नाव सफाईच्या यादीत टाका.

तंबाखू, सुपारी आणि अफू

गुटख्यावर बंदी घालणारं मध्य प्रदेश हे पहिलं राज्य, १ एप्रिल २०१२ पासून. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी वाट बाजाराने लगेच काढली. त्यामुळे माळव्यातून आत येणाऱ्या माणसाच्या गालात काय काय असेल याचा अंदाज धरून चाला.

आत आल्यावर अचानक सुटलेल्या तंबाखूचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतो. चिडचिड, झोप उडणं, डोकं दुखणं. हीच वेळ सोडवायला सोपी, कारण तलफ तशीही पूर्ण होत नाहीये. जेलच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम देता येतो. चावून चघळण्याची पद्धत शिकवा: थोडं चावायचं, चव झणझणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, अर्धा तास. पानासारखा एकसारखा चघळला तर निकोटीन पोटात जाऊन उचक्या आणि मळमळ होते, आणि माणूस म्हणतो औषध मानवलं नाही. गमला सुरक्षेची हरकत आली तर अंगावर चिकटवायच्या निकोटीन पट्टीचा पर्याय विचारा. घरचे मुलाकातीला 'निदान हे तरी' म्हणून गोड सुपारी आणायला बघतात, त्यांना बडीशेप सांगा. तोंड आखडण्याच्या रोगाचं मूळ कारण सुपारीच आहे, तंबाखू नसली तरीही. सुटल्यावर टिकवायचं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १८००-११२-३५६ घरच्यांच्या हातात द्या.

तोंड आखडलंय का हे बघायला उपकरण नको. स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच गेली तर दंतवैद्याकडे. महिन्यातून एकदा दिवसाच्या उजेडात गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघायची. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारण नसताना हललेला दात, मानेतली घट्ट गाठ, यांपैकी एक दिसलं तरी थांबायचं नाही.

मंदसौर, नीमच, रतलामकडच्या काही जणांना अफूची किंवा डोडाचुऱ्याची (अफूच्या बोंडांच्या भुशाची) सवय असते. अफू वेदना झाकते. ती बंद झाली की चार-पाच दाढा एकदम दुखायला लागतात आणि प्रहरी समजतो हा नशेसाठी नाटक करतोय. दोन्ही खरं असू शकतं, तेव्हा तोंड उघडून बघा. धार आणि झाबुआच्या काही गावांत विहिरी-हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्यांच्या दातांवर तपकिरी डाग लहानपणापासूनचे असतात. ती घाण नाही. असे दात खरवडायला जाऊ नये, आणि 'घासत नाहीस' म्हणून त्या माणसाला बोलू तर अजिबात नये.

आमदच्या दिवशी दोन मिनिटं

आमद म्हणजे जेलमध्ये दाखल होणं. नवीन बंदी, म्हणजे कैदी, आला की वैद्यकीय तपासणी होतेच. त्याच कागदावर दातांचे प्रश्न घालून घ्या. आत्ता दुखतंय का, रात्री झोप मोडते का, सूज आहे का, तीन बोटं जातात का, कवळी आहे का. शिवाय मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची झडप, पेनिसिलिनची अॅलर्जी. कवळी झडतीत काढून घेतली की हरवते आणि मग तो माणूस महिनोन् महिने भाकरी पाण्यात भिजवून गिळतो. तिची नोंद करून, नाव टाकलेल्या डबीत, त्याच्याजवळच ठेवू द्यावी. मानसिक आजाराच्या कित्येक औषधांनी तोंड कोरडं पडतं, अशांना कीड झपाट्याने लागते. त्यांची नावं वेगळी काढा.

यावरून तीन याद्या होतात: आज, आठवड्यात, तिमाहीत.

'आज'च्या यादीत चूक परवडत नाही. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज, जीभ वर उचलली गेलेली, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदललेला, ताप: अशी सूज श्वासनलिका दाबू शकते. दंतवैद्याची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल, रात्र असली तरी. डोळ्याच्या दिशेने चढणारी सूजही त्याच यादीत. मारामारीनंतर दात नीट मिटत नसतील किंवा खालचा ओठ बधिर असेल तर जबडा मोडला असं धरून चाला. पडलेला पक्का दात मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचलायचा, मळला असेल तर दुधाने क्षणभर धुवायचा आणि जागेवर बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर दुधात ठेवायचा. तासाभराच्या आत दंतवैद्य मिळाला तर दात जगण्याची आशा बरी असते. चहासाठी दूध असतं, म्हणून मुदपाकखान्यातल्या एकालाही हे सांगून ठेवा.

नुसत्या दुखण्यावर प्रतिजैविकं देऊ नयेत. आतली नस सुजलेली असताना त्यांचा उपयोग होत नाही. सूज आणि ताप असेल तेव्हाच डॉक्टर ठरवतील. दंतवैद्य येईपर्यंत जेवणानंतर ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि सोबत पॅरासिटामॉल चांगलं काम करतं, पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयब्युप्रोफेन नाही. लवंगेचं तेल कापसावर, खड्ड्यात, हिरडीला न लावता. अॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवायची जुनी सवय गाल भाजते.

विजेशिवाय दाढ भरणं

जेलच्या दवाखान्यात चालू स्थितीतली दंतखुर्ची असेलच असं नाही. हातहत्यारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली. तिला ड्रिल नको, बहुतेक वेळा भूलही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे सिमेंट, फ्लोराइड पेस्ट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आवश्यक औषधांच्या यादीत घातलं, हेही पत्रात लिहिण्यासारखं.

कापसाने दात कोरडा ठेवून एक्सकॅव्हेटरने (चमच्यासारख्या टोकाच्या हातहत्याराने) मऊ कीड काढा, कडा पूर्ण स्वच्छ, तळाशी नसेजवळ मात्र ओरबाडू नका. कंडिशनर (सिमेंट नीट चिकटावं म्हणून लावायचा द्रव) लावून, धुऊन, टिपून घ्या. सिमेंटची पूड आणि द्रव उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच. बाटली आडवी धरून मग उलटी केली की थेंबात हवा राहत नाही. चमक असेपर्यंतच भरायचं, निस्तेज झालं की फेकायचं. मे महिन्याच्या इंदुरी दुपारी ते हातातच आवळतं, म्हणून सिमेंट कालवायची काच थंड पाण्यावर ठेवून, पुसून वापरा. व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून धरा, तासभर काही खायचं नाही. भरलेलं सिमेंट निघतं ते बहुतेक वेळा थुंकी लागल्यामुळे किंवा दोन-तीन बाजू गेलेल्या दाढेवर हट्ट केल्यामुळे.

जिथे भरायला वेळ नाही तिथे ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. एका थेंबात पाच दात होतात, मिनिटभर चोळायचं, सहा महिन्यांनी पुन्हा. कीड थांबते, पण तो भाग काळा ठिक्कर पडतो. लावण्याआधी हे सांगून संमती घ्या, पुढच्या दातांना तर लेखी. कपड्यावर पडलं तर डाग जात नाही.

दाढा काढायच्याच असतील तर सकाळी अकराच्या आत. रक्त थांबलं नाही तर बराक बंद होण्यापूर्वी कळतं. दुसऱ्या दिवशी पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, असलेल्याची काढू नका. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आज नाही. अर्धा तास गॉज दाबून बसवून ठेवा, आणि चोवीस तास कुल्ला नाही, बिडी नाही. खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली की तिसऱ्या दिवशी दुखणं भडकतं. मुदपाकखान्याला नावं देऊन त्या दिवशी खिचडी सांगा, आणि रात्रपाळीच्या प्रहरीला यादी.

हत्यारांचे संच जितके रुग्ण तितके, वर दोन. उकळणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. १२१ अंश, १५ पौंड दाब, २० मिनिटं, मग वाळवणं. आत जाताना आणि बाहेर पडताना प्रत्येक नग, प्रत्येक सुई, प्रत्येक बर्र (ड्रिलचं टोक) मोजून सही. मोजणी जुळेपर्यंत कुणी बराकीत परतत नाही, म्हणून तिला पंधरा मिनिटं राखून ठेवा.

महिला विभागात आईजवळ सहा वर्षांपर्यंतची मुलं असतात. तीन वर्षांखाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि घासायचं आईने. गर्भवतीचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात निर्धास्त करावेत.

बाहेर पाठवणं आणि बराकीतला माणूस

रूट कॅनाल, जबड्याच्या शस्त्रक्रिया, संशयित चट्टा यांसाठी इंदूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६१ पासूनचं. अडतं ते पहाऱ्यावर. तीन-चार जणांची एकाच सकाळची वेळ घ्या, पेशीचे वार टाळा. देशातल्या कैद्यांपैकी दर चारांत तिघे विचाराधीन आहेत, जामीन झाला की उपचार अर्धवट. म्हणून तीन भेटींचं काम दोन भेटींत, दोनचं एकात बसवा. चिठ्ठी दोन प्रतींत: एक दवाखान्याच्या फाइलला, एक बंदीच्या हातात, दाताचा क्रमांक आणि केलेलं काम लिहून. बदली होऊन ग्वाल्हेरला गेला तरी तिथल्या डॉक्टरला कळेल.

प्रत्येक बराकीत दोन दंतमित्र तयार करा, पाऊण तासाच्या चार बैठकांत. शिक्षा झालेले निवडा, ते टिकतात. त्यांचं काम रात्री घासण्याची आठवण, तीन बोटांची तपासणी आणि यादी. गोळ्या वाटणं नाही. आणि यादीवर नाव चढवायला ते किंवा नंबरदार (बराकीवर देखरेखीला नेमलेला कैदी) बिडी मागायला लागतात, हे होतंच. म्हणून दुखणाऱ्याला थेट कंपाउंडरकडे जायचा रस्ता उघडा ठेवा आणि महिन्यातून एकदा यादीबाहेरच्या दहा जणांची तोंडं स्वतः बघा.

तीन महिन्यांनी फरक मोजायचा तर सुरुवातीलाच तीस जणांची नोंद हवी: दंतवैद्यांच्या क्रमांकपद्धतीतल्या १६, ११, २६, ३६, ३१ आणि ४६ या सहा नमुना दातांवर थर किती. निम्मे तोवर सुटून गेलेले असतात, म्हणून तिसांऐवजी साठ घ्या. दुसरा आकडा फुकट मिळतो. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये दातदुखीसाठी महिन्याला किती गोळ्या गेल्या तो. पहिल्या महिन्यात हा आकडा वाढेल, कारण आधी न सांगणारे आता सांगायला लागतात. अधीक्षकांना हे आधीच सांगून ठेवलं नाही तर दुसऱ्या महिन्याची परवानगी मागताना अडचण होते.